संत्रापट्टीच्या मंडळाचा शेवटचा फैसला

पांढुर्णा स्टेशनवर गाडी थांबायच्या आधीच संत्र्यांचा वास डब्यात शिरला. डिसेंबरातली सकाळ होती. फलाटावर लाकडी पेट्यांच्या थप्प्या माणसाच्या उंचीला गेल्या होत्या. पेट्यांच्या फटींतून वाळलं गवत बाहेर आलं होतं आणि हमाल त्या पेट्या मालडब्यात फार जपून ठेवत होते. पुण्याहून निघून दुसरा दिवस उजाडला होता, नागपूरपासूनच्या पॅसेंजरनं अंग आंबवून टाकलं होतं, तरी त्या वासानं तरतरी आली.

मी इथे का आलो ते आधी सांगतो. पुण्यात मी मुलींच्या एका शाळेत खेळ शिकवतो. माझे एक स्नेही खेळांवरचं लहानसं मासिक चालवतात. बंद पडलेल्या क्रीडासंस्थांवर लेख छापावेत असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी मला विचारलं, "तुला अशी एखादी संस्था माहीत आहे?"

"आहे. संत्रापट्टी महाविद्यालयीन क्रीडा मंडळ."

ते हसले. त्यांना वाटलं, मी नाव बनवून सांगतोय.

नाव खरं होतं. सीमेच्या अलीकडची महाराष्ट्रातली दोन कॉलेजं आणि पलीकडची मध्य प्रदेशातली दोन, पांढुर्ण्याचं आणि सौंसरचं, अशा चार कॉलेजांनी मिळून ते काढलं होतं. काही वर्षं धडाक्यात चाललं आणि बंद पडलं. ते का बंद पडलं हे मला ठाऊक होतं, निदान माझी तशी समजूत होती. कारण मंडळाच्या शेवटच्या कबड्डी सामन्याचा पंच मीच होतो.

त्या वेळी मी नागपुरात शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम करत होतो. पंचाचं प्रमाणपत्र नुकतंच हाती आलं होतं, मिशीसुद्धा नीट फुटली नव्हती. अंतिम सामना पांढुर्णा आणि सौंसर यांच्यात, पांढुर्ण्याच्या मैदानावर. गुण बरोबरीत होते आणि शेवटची चढाई पांढुर्ण्याच्या गड्याची. सौंसरच्या एकानं त्याचे पाय धरले. गडी पडला, पण तसाच सरपटत मध्यरेषेकडे निघाला, हात पुढे केलेला. दम तुटायच्या आत बोट रेषेला लागलं तर पांढुर्णा जिंकणार, नाही तर सौंसर. नेमक्या त्या क्षणी धुळीचा लोट उठला आणि माझ्या डोळ्यांत गेला. मला काहीच दिसलं नाही. हजारभर माणसं माझ्याकडे बघत होती. मला दिसलं नाही, असं म्हणायची छाती झाली नाही. मी शिट्टी वाजवली आणि गडी बाद दिला.

पुढचा गोंधळ सांगण्यात अर्थ नाही. मी चहासुद्धा न घेता स्टेशन गाठलं. पुढच्या वर्षी मंडळाचं बोलावणं आलं नाही, नंतर मंडळच बंद पडल्याचं कळलं. बारा वर्षं मी मनाशी धरून होतो की न बघता दिलेल्या माझ्या निकालानं चार कॉलेजांचा खेळ मोडला. बायकोला हे माहीत होतं. ती म्हणाली, "जाऊन एकदा बघून तरी या." शाळेतल्या एका शिक्षकांना मात्र गंमत वाटली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत एकमेकांवर दगड फेकणारं गाव ते, निदान तू डिसेंबरात चाललायस हे बरं, असं ते म्हणाले.

स्टेशनबाहेरच्या हॉटेलात पोहे मागवले. हॉटेलवाल्यानं बशी भरली आणि विचारलं, "वरून सांबार टाकू का जी?"

पोह्यांवर सांबार ही कल्पना मला सोसेना. मी घाईघाईनं नको म्हटलं. शेजारच्या माणसाच्या बशीत मूठभर हिरवीगार कोथिंबीर पडली तेव्हा उमगलं की इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. पुन्हा मागायची लाज वाटली. तसेच खाल्ले. पोहे चांगले होते.

हॉटेलवाल्यालाच मैदानाचं विचारलं.

"कबड्डीचं ग्राउंड ना? तथी (तिथे) आता कापसाच्या गाड्या उभ्या राह्यतात," तो म्हणाला. "त्या मंडळाचं पाह्यजे असल तर शेषरावले भेटा. चढाईले गेला का इंजन होता इंजन. आता सावरगावले संत्र्याचा बगीचा हाय त्याचा."

शेषराव. मला नाव आठवत नव्हतं, पण चढाईला गेलेलं इंजन कोणतं ते कळलं. तरी चालू लागलो.

सावरगाव म्हणजे जाम नदीच्या पलीकडचा काठ. डिसेंबरात नदी दगडांमधून वाट काढत चालली होती. पुलाखाली बायका गोधड्या धूत होत्या आणि त्यांच्या धोपटण्याचा आवाज दोन्ही काठांवरच्या घरांवर आपटून परत येत होता. गाव संपलं की लगेच वावरं (शेतं) लागतात. एका बाजूला पऱ्हाटी (कपाशी) फुटलेली, दुसऱ्या बाजूला संत्र्याची गडद हिरवी झाडं, फळांच्या भारानं वाकलेली, फांद्यांना खालून बांबूचे टेकू दिलेले.

शेषराव शिडीवर होते. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. पुण्याहून आलोय, मंडळावर लिहायचंय, एवढंच मी खालून सांगितलं. ते सरसर उतरले, एक पेटी उलटी करून मला बसायला दिली आणि हातात संत्र ठेवलं.

"मंडळावर लिहून राह्यले तुमी? आमच्या मंडळावर?" त्यांनी पुन्हा विचारलं आणि बगीच्याच्या टोकाला असलेल्या घराकडे तोंड करून हाक मारली, "सुमन, बाहेर ये. पुन्याचे पावने आले. मंडळाचं विचारून राह्यले."

सुमनताई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. ठेंगण्या, चपळ. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं तेव्हा मला धडकी भरली, पण आता मला चष्मा आहे आणि मिशीही आहे. त्यांनी ओळखलं नाही.

मंडळाची जन्मकथा मला त्या दोघांकडून कळली. एक वाक्य शेषराव बोलायचे, दुसरं सुमनताई.

"एका वर्षी आमची जिल्ह्याची टीम विद्यापीठाच्या मैचले गेली," शेषराव म्हणाले. "दीड दिवस गाडीत. अर्धा तास ग्राउंडवर. हारलो. मंग दीड दिवस वापस."

"येताना यायले (यांना) ताप," सुमनताई म्हणाल्या.

"मलेच नाही, अर्ध्या टीमले. तवा आमचे ठोंबरे सर होते, खेळाचे. ते म्हनले, पोट्टेहो, तीन दिवसाचा प्रवास करून अर्धा तास खेळाचा, त्यापेक्षा शेजाऱ्याशी खेळा. विद्यापीठ दूर असन, सौंसर तर जवळ हाय."

ठोंबरे सरांनी सायकलवर चारही कॉलेजं पालथी घातली. राज्यं दोन, पण बोली एकच, संत्री तीच, नातीगोतीही नदी ओलांडून पलीकडे गेलेली. महाराष्ट्रातल्या दोन्ही कॉलेजांनी चटकन होकार दिला. कबड्डी, खो-खो, धावणं आणि एक व्हॉलीबॉल, तोही जाळं उसनं मिळालं तर. ढाल सौंसरच्या सुतारानं संत्र्याच्या पेटीच्या फळ्यांची बनवली होती. सामन्यांच्या दिवशी बैलगाड्यांतून माणसं यायची. घरातून आणलेल्या शिदोऱ्या मैदानाच्या कडेला सुटायच्या.

"आमची सोयरीक मंडळानंच जुळवली," शेषराव म्हणाले. सुमनताई सौंसरच्या. तिथल्या कॉलेजच्या खो-खोच्या कप्तान. पांढुर्ण्याला खेळायला आल्या असताना धावताना त्यांची चप्पल तुटली. ती चांभाराकडे नेऊन आणणारा कबड्डीपटू म्हणजे शेषराव.

"चप्पल आनली ती दुसऱ्याचीच होती," त्या म्हणाल्या. "एक बोट मोठी."

मी मनापासून हसलो. मग ज्याची भीती होती तो विषय निघाला. मी काढला नाही. तो त्या घरात रोजच निघत असावा.

"शेवटच्या मैचचं लिहा बरं का," शेषराव म्हणाले. "माहा हात रेषेले लागला होता."

"नव्हता लागला," सुमनताई म्हणाल्या.

"तू सौंसरच्या बाजूनं बसली होती."

"म्हनून तर चांगलं दिसत होतं. दम आधी तुटला तुमचा. रेषा वीतभर दूर होती."

"आणि पंच?" मी विचारलं.

"पंच नागपूरचा एक बारीकसा पोट्टा होता," शेषराव म्हणाले. "त्याच्यावर नाही राग माहा. पंच चुकते. माहा राग दिवाकरवर हाय."

दिवाकर म्हणजे सौंसरचा तो गडी, ज्यानं पाय धरले होते. दोघं विद्यापीठाच्या त्या दूरच्या सामन्याला जिल्ह्याच्या संघातून एकत्र गेले होते, एका ताटात जेवले होते, ताप आला तेव्हा दिवाकरनं शेषरावांचं सामान खांद्यावर घेऊन स्टेशनं पार केली होती.

"त्याचं तोंड माह्या हातापासून हातभर होतं. त्याले दिसलं हात लागला ते. एक शब्द बोलला नाही. फैसला झाला, मी त्याच्याकडं पाह्यलं, त्यानं मान खाली घातली. तवापासून मी त्याच्या दारात गेलो नाही."

"सौंसरले माह्या माहेरी येतात," सुमनताई हळूच म्हणाल्या, "पन दिवाकरभाऊचं घर लागते म्हनून मागच्या गल्लीनं. बारा वर्सं झाले. त्यायची पोरगी यायनं (यांनी) पाह्यली नाही."

जेवायचा आग्रह झाला. ज्वारीची भाकरी, भरताच्या वांग्याचं भरीत आणि कढी. असं भरीत मी पूर्वी खाल्लं नव्हतं आणि त्या दिवशीही त्याची चव मला नीट लागली नाही. दोन माणसांची मैत्री माझ्या शिट्टीनं मोडली होती हे मला पुण्यात बसून ठाऊकच नव्हतं. मी मंडळाचाच विचार करत राहिलो होतो. सांगून टाकावं असं तीनदा मनात आलं. तीनदा मी भाकरीचा तुकडा मोडला आणि गप्प राहिलो. निघताना शेषरावांनी पिशवीभर संत्री दिली. ती घेताना मला चोरट्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं सौंसरला निघालो. बस पांढुर्ण्याबाहेर पडून थोडी पळाली आणि मोहगावच्या अलीकडे तिचं मागचं चाक बसलं. ड्रायव्हर उतरला, चाकाभोवती फिरला आणि म्हणाला, "स्टेपनीबी पंचर हाय." कुणाला आश्चर्य वाटलं नाही. बायका झाडाखाली बसल्या आणि त्यांनी वाटाण्याच्या शेंगा सोलायला घेतल्या.

ठोंबरे सर निवृत्त होऊन मोहगावात राहतात, असं शेषरावांकडून कळलं होतं. परतताना त्यांना गाठायचा विचार होता. चाकानं तो क्रम बदलला. कापूस भरलेली एक बैलगाडी मोहगावच्या दिशेनं चालली होती. गाडीवान म्हणाला, "बसा जी वर. जागा लय हाय." मी कापसाच्या ढिगावर चढलो. इतकं मऊ वाहन मला आयुष्यात मिळालं नाही. गार वारा, वर मोकळं आकाश, गाडी झुलतेय. डोळा लागला. उतरलो तेव्हा केसांत, भुवयांत, कोटाच्या बाह्यांवर सगळा कापूस होता आणि मोहगावची कुत्री माझ्यावर एकजुटीनं भुंकत होती.

अशा अवतारात सरांच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. सत्तरीच्या आसपासचे, ताठ, पांढरी हाफ पँट घातलेले सर तुळशीला पाणी घालत होते. मी म्हटलं, "पुण्याहून आलोय. मंडळाबद्दल लिहितोय."

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. तांब्या खाली ठेवला.

"तू तो पंच," ते म्हणाले.

"कसं ओळखलंत?"

"उभा कसा राहतोस त्यावरून. एक पाय पुढे, एक मागे, केव्हाही रेषेवर पळता यावं असा. चेहरा विसरलो होतो. ये, बस. तो कापूस झाड आधी."

चहा झाला. मी सरांना सगळं सांगून टाकलं. धूळ, डोळे, शिट्टी, स्टेशन. आणि शेवटी म्हटलं, "माझ्या एका निकालानं तुमचं मंडळ मोडलं, सर."

त्यांनी कप खाली ठेवला. मग उठून आत गेले आणि एक जाडजूड वही घेऊन आले. मंडळाच्या सभांची नोंदवही होती ती. शेवटचं लिहिलेलं पान उघडून त्यांनी माझ्यापुढे धरलं. अक्षर त्यांचंच, गोल आणि ठाशीव. लिहिलं होतं की दोन्ही राज्यांच्या विद्यापीठांकडून पत्रं आली आहेत, दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजांशी असे सामने यापुढे नियमात बसत नाहीत, परीक्षांची वेळापत्रकंही आता जुळत नाहीत, म्हणून हे मंडळ आनंदानं आणि नाइलाजानं विसर्जित करण्यात येत आहे. खाली चार सह्या.

"तारीख बघ," सर म्हणाले.

अंतिम सामन्याचीच तारीख होती.

"सभा सकाळी झाली. सामना दुपारी चारला. पोरांना आम्ही सांगितलं नाही. म्हटलं, शेवटचं खेळून घेऊ दे. तू शिट्टी तोंडात धरलीस तेव्हा मंडळ संपून सहा तास झाले होते."

मला हसावं की रडावं कळेना. बारा वर्षं मी जे ओझं वागवलं ते माझं नव्हतंच. मी खरोखर हसलो, आणि बराच वेळ हसत राहिलो. सरही हसले. मग त्यांनी वही मिटली.

"पण त्या दोघांचं काय?" ते म्हणाले. "मंडळ मी मोडलं, ते माझ्याकडे. शेषराव आणि दिवाकर हे मात्र तुझ्याकडे आहेत. मी दोघांना दोनदा बोलावलं. एक आला की दुसरा येत नाही."

दुपारपर्यंत बसचं चाक दुरुस्त झालं आणि मी सौंसरला पोचलो. सौंसर मला पांढुर्ण्यापेक्षा सावकाश गाव वाटलं. बाजार रुंद, दुकानांतून हिंदी आणि मराठी एका वाक्यात मिसळलेली. इथून नागपूरला छोटी गाडी जाते. तिच्यात बसायची मला फार हौस होती आणि परतीचा बेत मी त्याच गाडीचा केला होता. स्टेशनवर बघून आलो. खेळण्यातली वाटावी एवढीशी गाडी उभी होती आणि इंजिनाचा माणूस तिच्या चाकाशी काहीतरी बोलत तेल घालत होता.

दिवाकर नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते. सकाळ-संध्याकाळ कोणत्या मोहल्ल्याला कधी पाणी सोडायचं ते त्यांच्या हातात. पाण्याच्या टाकीखाली ते मला सापडले. सडसडीत, कानांवर पांढरे केस आलेले. यावेळी मी वेळ दवडला नाही. नाव सांगितलं आणि लगेच म्हणालो, "तुमच्या शेवटच्या सामन्याचा पंच मी. मला त्या वेळी काही दिसलं नव्हतं. डोळ्यांत धूळ गेली होती. मी अंदाजानं निकाल दिला."

हातातला लोखंडी पाना त्यांनी खाली ठेवला.

"घरी चला," ते म्हणाले.

घर जवळच होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोनाड्यात मुलीची शाळेची पुस्तकं, जमीन स्वच्छ सारवलेली. त्यांच्या पत्नी शीलाताईंनी पाणी दिलं, चहा दिला. दिवाकरांनी चहा संपवला. मग म्हणाले, "मलेबी नाही दिसलं."

"काय?"

"डोये (डोळे) मिटून होतो मी. शेषरावच्या पायाची लाथ तुमी नाही खाल्ली. दोनी पाय छातीशी धरले, तोंड मातीत खुपसलं, डोये गच्च मिटले. शिट्टी वाजली तवा उघडले. हात लागला का नाही, मले काय मालूम?"

"मग तुम्ही मान खाली का घातली?"

"तोंडात माती होती. थुंकून राह्यलो होतो."

शीलाताई दाराशी उभ्या होत्या. त्यांनाही हे नवीन असावं, कारण त्या नवऱ्याकडे टक लावून बघत होत्या.

"हे तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"त्यानं विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यानं विचारलं नाही, मनाशी ठरवून टाकलं का दिवाकर खोटारडा. मी खोटारडा नाही, हे सांगाले मी त्याच्या दारात काहून (का) जाऊ? स्टेशनावर त्याची वळकटी वागवली तवा तर नव्हतो खोटारडा." त्यांचा आवाज जरा चढला आणि लगेच खाली आला. "तो मागच्या गल्लीनं जाते. मी टाकीवरून पाहतो त्याले. सगळं गाव दिसते तिथून."

बाहेर छोट्या गाडीची शिटी झाली. ती माझी गाडी होती. मी उठलो नाही.

"उद्या माझ्याबरोबर चला," मी म्हणालो. "तुम्ही सांगायला नका जाऊ. सांगायचं मला आहे. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा."

"ड्यूटी हाय."

"उद्या रविवार," शीलाताई म्हणाल्या. "ड्यूटी शेजारचे भाऊजी करतील. अन् रिकाम्या हातानं नका जाऊ. तुमच्या मंडळाचा कायदा होता ना, जिंकनाऱ्यानं हारनाऱ्याले जेवू घालाचं? तुमी त्या दिवशी घातलं का?"

"ते लोक ग्राउंडवरून निघूनच गेले होते."

"मंग राह्यलंच ते," त्या म्हणाल्या आणि कणीक काढायला आत गेल्या.

रविवारी सकाळी अंगणात गोवऱ्यांचा आर पेटला. त्यात कणकेचे गोळे भाजून निघाले. इकडे त्यांना रोडगे म्हणतात. वरचा करपट पापुद्रा झटकून ते तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची झणझणीत भाजी. सगळं एका मोठ्या पितळी डब्यात भरून दिवाकर आणि मी पहिल्या बसला बसलो. डबा आळीपाळीनं मांडीवर घेतला. गरम होता. अर्धी बस वळून वळून आमच्याकडे बघत होती. कंडक्टर म्हणाला, "कोनाचं लगन हाय का?" दिवाकर खिडकीबाहेर बघत बसले.

सावरगावात बगीच्याच्या कुंपणाशी दिवाकरांचे पाय थांबले. मी पुढे गेलो. शेषराव पेट्यांना खिळे ठोकत होते. मला बघून हसले, मग माझ्या मागे कोण आहे ते बघून त्यांचा चेहरा बंद झाला.

मी सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं. पंच मी होतो, परवा तुमचं अन्न खाऊनही बोललो नाही. मला दिसलं नव्हतं. मी अंदाजानं बाद दिलं.

"मंग दिलं काहून?" शेषरावांनी विचारलं.

"दिसलं नाही, असं म्हणायची भीती वाटली."

"अन् हा?"

"डोये मिटून होतो," दिवाकर कुंपणापासून म्हणाले.

शेषराव दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. हातोडी खाली ठेवली आणि झाडांमध्ये निघून गेले. आम्ही तिथेच उभे. सुमनताई घरातून बाहेर आल्या, त्यांनी डब्यावर हात ठेवला, झाकण उघडून आत बघितलं आणि पुन्हा लावलं. "येतील," एवढंच म्हणाल्या. किती वेळ गेला सांगता येणार नाही. दिवाकर डबा खाली ठेवायला तयार नव्हते.

शेषराव आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. ते सरळ दिवाकरांपुढे गेले.

"तुही पोरगी केवढी झाली?" त्यांनी विचारलं.

"सहावीत हाय."

"खेळते का?"

"धावते."

शेषरावांनी डबा त्यांच्या हातातून घेतला. "हे काय हाय?"

"जिंकनाऱ्यानं हारनाऱ्याले घालाचं जेवन."

"मंग परत ने," शेषराव म्हणाले. "मी हारलो नाही. हात लागला होता."

"नव्हता लागला," सुमनताई म्हणाल्या आणि ताटं आणायला वळल्या.

त्या दुपारी झाडाखाली बसून आम्ही चौघांनी रोडगे संपवले. हात लागला की नाही यावर तिघांचं भांडण जेवण संपेपर्यंत चाललं. मधूनच शेषराव दिवाकरांच्या पानात भाजी वाढायचे आणि वाढता वाढताच पुढचा मुद्दा मांडायचे. मला कुणी मत विचारलं नाही. तेच योग्य होतं. संध्याकाळच्या गाडीला तिघंही स्टेशनवर आले. शेषरावांनी एक अख्खी पेटी डब्यात चढवली आणि दिवाकरांनी ती बाकाखाली सरकवली. दोघं फलाटावर शेजारी शेजारी उभे होते आणि गाडी हलली तेव्हाही हातवारे करून एकमेकांना काहीतरी पटवत होते.

पुण्यात येऊन लेख लिहिला. संपादकांनी विचारलं, अंतिम सामना कोण जिंकलं? मी म्हटलं, ते छापू नका, तिकडे अजून ठरायचंय. मंडळ सकाळीच विसर्जित झालं होतं हे त्यांना फार आवडलं. मला मात्र प्रवासभर दुसरंच सुचत होतं. मी दहा वर्षं मुलींना नियम शिकवतोय. रेषा, दम, पकड, सगळं. जे दिसलं नाही ते दिसलं नाही म्हणावं, हे कधी शिकवलं नाही, कारण मला ते स्वतःलाच येत नव्हतं.

पुढच्या सोमवारी शाळेत सरावाचा सामना लावला. आठवीची एक मुलगी चढाईला गेली, तिघींनी तिला धरलं, सगळ्या एकावर एक कोसळल्या आणि त्या ढिगातून एक हात रेषेच्या दिशेनं बाहेर आला. मी मुलींच्या पाठीआड होतो. सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या.

"मला दिसलं नाही," मी म्हणालो. "कुणाला दिसलं?"

असं काही माझ्याकडून त्यांनी ऐकलं नव्हतं. मग दोन्ही बाजूंच्या चौदा मुली एकदम बोलू लागल्या, आणि मी ऐकत उभा राहिलो.